गोरिलासाठी डोली

लखूनाना माझ्या दुकानाच्या उंबऱ्यापाशी आले की आधी घशातून ‘म्म्हं’ असा खोल आवाज काढतात, नजर खाली घालतात आणि मी वर बघेपर्यंत तिथंच थांबतात. पहिल्यांदा त्यांनी हे केलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा चक्कर येऊन पडतोय. मी स्टूल घेऊन धावले. तर म्हणतात, “घाबरू नको गो शैले. नमस्कार केला. गोरिलाला असाच करायचा असतो. एकदम अंगावर जायचं नाय.”

“नाना, मी गोरिला नाही!”

“सवय नको करायला?”

महाडला चवदार तळ्याच्या अलीकडच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. नाना माझ्या माहेरच्या वाडीतले, पोलादपूरच्या वर डोंगरात. नात्यानं चुलते लागतात, म्हणून त्यांच्या कामाला मला नाही म्हणता येत नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. बत्तीस वर्षं मुंबईत एका रंगाच्या कंपनीत काढून ते वाडीत परतले. बाकीची माणसं परतली की काजूची कलमं लावतात, नाहीतर देवळाच्या कमिटीत शिरून भांडतात. नानांनी जाहीर केलं, की ते अनुसाकाकीला घेऊन युगांडाला जाणार, डोंगरातला रानटी गोरिला बघायला.

वाडीला महिनाभर दुसरा विषय नव्हता. बाया पाणवठ्यावर पदर तोंडाला लावून हसायच्या. कुणी म्हणे, नाना, जाताना दोन फण्या केळी न्या. नाना शांतपणे समजावायचे, “डोंगरातला गोरिला केळी नाय खात. पाला खातो, बांबूचे कोवळे कोंब खातो. ते आपनबी खातो. म्हंजे आपल्यातलाच हाय.”

नियम त्यांना तोंडपाठ. माझ्याकडूनच सगळे वाचून घेतले होते ना! गोरिलापासून लांब राहायचं. तासाभरात परत फिरायचं. बोट दाखवायचं नाही, ओरडायचं नाही, सर्दी-खोकला असेल तर जायचंच नाही, कारण माणसाचं दुखणं त्या जनावराला लागतं. आणि एवढं पाठ केल्यावर ते आपल्यापुरतं ठेवतील तर ते नाना कसले! लग्नात पंगतीत कुणी बोट करून वाढप्याला जिलबी मागितली की नाना त्याचं बोट हलकेच खाली दाबायचे. “तिकडं चालत नाय.” एसटीत कुणी मोठ्यानं फोनवर बोललं की, “तिकडं चालत नाय.” एकदा तर गावकीच्या बैठकीत दोन भावकीतले लोक बांधावरून एकमेकांच्या अंगावर गेले, तेव्हा नाना उठून म्हणाले, “सात हात लांब ऱ्हावा, तिकडं चालत नाय.” बैठक हसण्यावारी गेली. बांध मात्र आहे तिथंच आहे.

खरी अडचण काकीच्या गुडघ्यांची. गोरिला काही रस्त्याच्या कडेला बसत नाहीत, डोंगर चढून जावं लागतं. काकी दोन पायऱ्या चढली तरी ‘आई गं’ म्हणते. मी सुटले म्हणत होते, एवढ्यात मीच माती खाल्ली. मोबाइलवर नानांना एक व्हिडिओ दाखवला. तिकडची डोंगरातली माणसं चढता न येणाऱ्या पाहुण्यांना डोलीत बसवून, खांद्यावर घेऊन वर नेतात.

नानांनी तो व्हिडिओ सात वेळा बघितला. “शैले, ह्यांच्याकडंबी डोली हाय!”

पण काकी डोली म्हटल्यावर भडकलीच. “मी काय मरायला टेकले?” तिचं चुकलं नाही. आमच्या वाडीत डोली हौसेसाठी कधीच निघाली नाही. वर रस्ता नव्हता तेव्हा आजारी माणसाला डोलीतून फाट्यापर्यंत खाली न्यायचे. काकीची सासू अशीच गेली, ती परत आली नाही. आता काकी डोलीत बसली तरच युगांडा, नाहीतर सगळं मुसळ केरात. नाना चार महिने तिच्या मागे लागले. शेवटी काकी म्हणाली, “आधी हितं आपल्या मानसांच्या खांद्यावर बसवा. नाय पडले, तर बघू.”

मग काय, रंगीत तालीम! नानांनी लाकडी खुर्चीला दोन बांबू बांधले, वाडीतले चार गडी तयार केले आणि एका सकाळी फाट्यापासून जुन्या पाऊलवाटेनं काकीला वर न्यायला सुरुवात केली. काकीनं डोळे गच्च मिटलेले, हात पोटावर घट्ट. नाना मागून खोकत, धापा टाकत, “हळू रे, हळू” म्हणत चाललेले.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच डोक्यात आली नाही. आमच्याकडे डोलीतून माणूस खाली नेला तर तो आजारी. पण वर आणला, तर डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणून सांगितलं! समोरच्या डोंगरावर एक बाई लाकडं गोळा करत होती. तिनं मिटलेले डोळे नसतील बघितले, पण डोली वर चाललेली बघितली आणि मुंबईला नानांच्या मुलांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना वाडीत तीन गाड्या आल्या. दोन्ही मुलं, सुना, नातवंडं, काकीचे भाऊ, सगळे रडतच उतरले. धाकटा व्याही तर तेरा दिवसांची रजा टाकूनच आला होता. आणि काकी चुलीपुढं बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तिला बघून मोठ्या सुनेनं जी किंकाळी फोडली, ती म्हणे खाली फाट्यावर ऐकू गेली.

मग हसणं झालं, जेवणं झाली, मुलांनी नानांना यथेच्छ झापलं. शेवटी काकीच हात धुऊन उठली. “सगळ्यांचं रडून झालं ना? आता मला कसली भीती! न्या कुठं न्यायची ती.”

गेल्या आठवड्यात नाना दुकानात आले, परमिटचा फॉर्म भरायला. मी काकीचं नाव, पासपोर्ट नंबर सगळं टाकलं आणि म्हटलं, “हं, आता तुमचं.”

“माझं नको.”

“म्हणजे?”

नाना स्टुलावर बसले. “युगांडापर्यंत मी हाय. डोंगरावर ती जाईल. माझा खोकला कंपनीतल्या रंगाचा गो, लागनारा नाय. डाक्टर कागद देतो म्हनला. पन वर गेल्यावर उबळ आली आनि त्यांनी सगळ्यांनाच मागं फिरवलं तर? माझ्यापायी तिचं ऱ्हायला नको.”

“नाना, दोन वर्षं सगळा तालुका डोक्यावर घेतलात! आणि गोरिला बघणार नाही?”

“मला काय करायचाय गोरिला?” ते सहज म्हणाले. “टीव्हीवर तिनं बघितला. म्हनाली, एवढा मोठा देह, पन पोराला किती हलक्या हातानं उचलतो बघा. मग म्हनाली, असला एकदा डोळ्यानं बघायला हवा. आमच्या लग्नापासनं तिनं मागितलेली ही पैली गोष्ट. तिचं नाव सांगितलं असतं तर बाया तिला हसल्या असत्या. मला हसल्या तर माझं काय जातं?” मग घसा खाकरून म्हणाले, “बत्तीस वरसं दर शिमग्याला, गनपतीला ती फाट्यावर उभी ऱ्हायची. गाडी कवाबी येवो. आता एक दिस मी थांबीन.”

माझा स्वभाव तसा तिरसट. रडणाऱ्या गिऱ्हाइकाला मी पाणीसुद्धा विचारत नाही. पण त्या दिवशी मला समोरची अक्षरं दिसेनात. पदरानं डोळे पुसले आणि पुढचा रकाना वाचला. काही अडचण आली तर कुणाला कळवायचं? मी नानांचं नाव टाकलं. नातं, नवरा.

“पत्ता काय लिहू, नाना?”

“लिही,” नाना म्हणाले, “खालीच बसलाय.”