तात्यांचा भोंगा

शाळूच्या कणसांत दाणा भरला आणि भोरड्यांचे थवे येडशीच्या माळावर उतरू लागले, तेव्हा तारामतीबाई लेकीला म्हणाल्या, "ज्ञाना, तुझ्या तात्यांचा भोंगा बांध आता."

शिवारात सगळ्यांचेच भोंगे होते. आपलंच ओरडणं त्यात भरायचं, झाडाला टांगायचं. दिवसभर तो पाखरांवर खेकसत राहतो. तात्यांनी मात्र खोलीचं दार लावून दोन दुपारी आवाज भरला. टपाल वाटण्यात जन्म गेलेला माणूस. जिल्हा कधी ओलांडला नाही, पण जगातली जनावरं मोबाइलवर त्यांच्या घरची झाली होती. दिवाळीआधी ते गेले. ज्ञानेश्वरीने भोंगा ट्रंकेत ठेवला. तो आवाज कानांवर पडला तर आपलं काय होईल, याची तिला भीती होती.

"लाव की पोरी," शेजारचे कल्याणप्पा बांधावरून ओरडले. "शाळूचा नुसता कडबा राहील!"

तिने भोंगा लिंबाला टांगला, बटण दाबलं आणि कानांवर हात ठेवले.

सिंह गरजला.

तुरी काढणाऱ्या बाया विळे टाकून पळाल्या. "रामलिंगाच्या रानातनं वाघ उतरला!" म्हणत कल्याणप्पा पासष्टाव्या वर्षी बाभळीवर चढले, काट्यांसकट. कुणीतरी फोन केला आणि गावातून माणसं काठ्या, ताटल्या घेऊन धावत आली.

बऱ्याच वेळाने गर्जना थांबली. कोवळ्या उन्हात तात्या खाकरले.

"हा सिंह. आफ्रिकेतला. रागावला न्हाय, नुसतं 'म्या हितं हाय' म्हणायलाय. आता आपला होला ऐका."

होला घुमला. काठ्या खाली आल्या. ज्ञानेश्वरीचे हात कानांवरून कधी सुटले, तिला कळलं नाही.

"हा देवमासा. लई खोल पाण्यात गातो. आपल्याकडं समुद्र न्हाय, म्हणून डोळे मिटून ऐकायचं."

सगळ्यांनी डोळे मिटले. कोरड्या माळावरून ते लांबलचक गाणं संथ वाहत गेलं. पळालेल्या बाया परत येऊन बांधावर टेकल्या. कुणाच्या हातातली ताटली वाजली नाही.

"आता भोरड्या आल्या असतील. डोंगर वलांडून येत्यात बिचाऱ्या. खाऊ द्या जरा."

डोळे उघडले तर अख्खा थवा शाळूवर डुलत होता. पाठी गुलाबी, पंख काळे.

"पाखरं हाकलायला सांगितलं होतं म्या ह्यांना," तारामतीबाई म्हणाल्या. गोफण त्यांच्या मांडीवर तशीच होती.

"ज्ञाना, चहा आण गं," तात्या शेवटी म्हणाले. "माझं झालं."

ज्ञानेश्वरी सवयीने उठली. चार पावलं घराकडे चाललीसुद्धा. मग वळली, लिंबापाशी आली आणि बटणावर बोट ठेवून उभी राहिली.

"बंद करू नगंस," बाभळीवरून उतरून काटे उपटत कल्याणप्पा म्हणाले. "पुन्यांदा येऊ दे. सिंहाच्या वक्ताला म्या झाडावर चढत होतो. नीट ऐकलाच न्हाय."