सगुणामावशींची लग्नं

मी सगुणामावशींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या ज्वारीच्या दोन ताटांचं लग्न लावत होत्या. सकाळचं कोवळं ऊन, अंगात लुगड्यावर चढवलेला पुरुषी शर्ट, डोक्याला टॉवेल आणि तोंडानं खणखणीत "शुभमंगल सावधान!" एका कणसावरची कागदी पिशवी त्यांनी अलगद उचलली, दुसऱ्या कणसाचे पराग त्यावर झटकले, पिशवी परत चढवली, टाचणी टोचली आणि माझ्याकडं वळल्या.

"बघत काय उभी राह्यलीस? अक्षदा टाक की!"

मी खरंच वाकून चिमूटभर माती उचलली. त्यावर मावशी अशा हसल्या की शेजारच्या वाफ्यातल्या बायका कामं टाकून बघायला आल्या.

मी तेव्हा आमच्या कृषी विद्यापीठात जेनेटिक्समध्ये एम.एस्सी. करत होते. विद्यापीठ एवढं अवाढव्य, की वसतिगृहापासून ज्वारीच्या शेतापर्यंत सायकल हाणताना सकाळचा नाष्टा जिरून जायचा. तिथं प्राध्यापक होते, प्रयोगशाळा होत्या, ग्रंथालय होतं. पण संकर कसा करायचा हे शिकायला सगळ्यांनाच शेवटी पाथर्डीकडून आलेल्या, सही करताना अडखळणाऱ्या या मजूरबाईंपुढं उभं राहावं लागे.

ज्वारीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही नांदतात. म्हणून आदल्या दिवशी दुपारनंतर चिमट्यानं त्या इवल्याशा फुलातले तीन पुंकेसर काढायचे, कणसाला पिशवी घालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परक्या ताटाचे पराग आणून टाकायचे. पुस्तकात हे चार पानं चालतं. मावशींचं एका ओळीत आटपे: "सांजच्याला हळद, सकाळच्याला लगीन." पिशवी म्हणजे आंतरपाट. पराग देणारा नवरदेव, घेणारी नवरी. पिशवी घालायच्या आतच एखाद्या कणसानं आपलं आपण परागीभवन उरकलं, तर मावशी कपाळाला हात लावत, "गेली! पळून जाऊन केलं बया हिनं!"

आम्हा विद्यार्थ्यांची नावं त्यांनी कधीच पाठ केली नाहीत. गावावरून हाक मारायच्या. मी 'राहाता', माझा वर्गमित्र 'कोल्हार'. माझ्या पहिल्याच प्रयत्नात चिमटा जरा खोल गेला, तर आख्ख्या शेताला ऐकू गेलं, "अगं ए राहाता, नवरीचं नाक कापलंस की!" कोल्हारच्या लावणीतला नर उशिरा फुलोऱ्यात आला, तेव्हा त्या रोज सकाळी त्या ताटापाशी जाऊन ओरडायच्या, "उठ रं मुडद्या, वऱ्हाड जेवायचं थांबलंय!"

माझ्या प्रबंधानं मात्र आमच्यात भांडण लावलं. मला करायचा होता बॅकक्रॉस, म्हणजे दोन वाणांच्या संकरातून आलेली लेक परत तिच्या बापाच्या वाणाशी जोडायची. मी ताटांना बांधायच्या चिठ्ठ्या घेऊन गेले. मावशींनी विचारलं, "नवरी कोन?" मी दाखवली. "नवरदेव?" मी दाखवला.

मावशींनी चिमटा खाली ठेवला.

"ह्यो हिचा बाप हाय."

"हो मावशी, पण शास्त्रात..."

"हिच्या आईबापाचं लगीन म्या लावलंय, गेल्या साली, ह्या हातानं. आन आता लेकीचं बापासंगं? माझ्या हातनं न्हाई हुयाचं. तुझ्या सरालाबी सांग."

माझे मार्गदर्शक सर आले. सरांनी फळ्यावर समजवावं तसं बांधावर काडीनं चित्र काढून समजावलं. मावशींनी ते शांतपणे ऐकलं आणि शेवटी विचारलं, "सर, तुमाला लेकी किती?" सरांना दोन. ते काडी टाकून निघून गेले.

तीन दिवस गेले. ज्वारीचा फुलोरा काही कुणाचं रुसणं फिटायची वाट बघत नाही. आठवडा हुकला की माझं वर्ष बुडणार होतं. मावशींनी नाही म्हटल्यावर बाकीच्या बायका चिमट्याला हात लावेनात. मी स्वतः करून पाहिलं. मावशींच्या भाषेत मी तीन नवरीमुलींची नाकं कापली आणि दोघींना पळून जाऊ दिलं.

चौथ्या दिवशी मी रडवेली होऊन बापाच्या ओळीत उभी होते. मावशी आल्या, नुसत्याच माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. मग ओळीतल्या एका ताटाकडं बोट करून म्हणाल्या, "आन ह्यो कोन?"

का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "ती... बापाची बहीण."

मावशींचे डोळे चमकले. "म्हंजी नवरीची आत्या? मंग आत्याला पोरगा असंल की!"

"आहे ना! तो काय, टोकाला."

मावशी तरातरा टोकाला गेल्या. ताट खालून वर निरखलं, पान उलटून पाहिलं, कणीस तळहातावर तोललं. "पोरगा चांगला हाय," त्या म्हणाल्या. "आत्याच्या घरी पोरगी देत्यात की! आदी बोलायला काय झालं हुतं तुला, राहाता? तीन दिस घालवले!"

शुद्ध वाणातली सगळी ताटं सारखीच असतात, त्यामुळं शास्त्राला काही फरक पडत नव्हता. सर बांधावरून सगळं ऐकत होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि रजिस्टरवर सही केली. पुढच्या पाच दिवसांत मावशींनी आत्याच्या घरी एवढ्या सुना धाडल्या, की माझ्याकडच्या टाचण्या संपल्या.

याचा परिणाम तोंडी परीक्षेत झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गंभीरपणे विचारलं, "तुमच्या बॅकक्रॉसमध्ये नर म्हणून काय वापरलं?" आणि मी तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं, "सर, आत्याचा मुलगा."

आमचे सर खिडकीबाहेर बघू लागले. सगळी हकीकत सांगावी लागली. परीक्षक हसून हसून चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले, चला, त्या बाईंना भेटू. शेतात मावशींनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं आणि पहिला प्रश्न टाकला, "तुमचं लगीन झालंय न्हवं?"

मी पास झाले, नोकरीला लागले, आणि वर्षभरात माझं लग्न ठरलं. पत्रिका द्यायला गेले तर मावशींनी ती शर्टाला हात पुसून घेतली. मुलगा उंच आहे का, किडीबिडीचा तर नाही, नात्यातला आहे की लांबचा, सगळी चौकशी झाली. मुहूर्त दोनदा वाचून घेतला. "यायचं हं मावशी, पुढं बसायचं," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "व्हय व्हय," आणि लगेच कुणावर तरी ओरडायला वळल्या.

त्या आल्या नाहीत. हार घालायच्या क्षणीसुद्धा मी मांडवाच्या दाराकडं बघत होते. राग आला मला. एवढ्या ज्वारीला वेळ आहे आणि माझ्यासाठी नाही?

पंधरा दिवसांनी मी नवऱ्याला आणि आईला घेऊन त्यांच्या घरी गेले. मावशी परसात होत्या. दारात त्यांची भावजय भेटली. माझा फुगलेला चेहरा बघून तिनंच हळूच सांगितलं.

"त्या कुनाच्याच लग्नात फुडं येत न्हाईत, बाई. एकोनिसाव्या वर्षी मालक गेलं त्यांचं, तवापासनं. माझ्या पोरीच्या लग्नातबी मागं भांड्यांपाशी बसल्या. कोन कायतरी बोलतं, मंग पोरीच्या संसाराला लागतं म्हनत्यात." जरा थांबून ती म्हणाली, "तुमच्या लग्नादिवशी टायमाला त्यांनी शेतातलं काम थांबवलं. समद्या बायकांना गूळ वाटला. राहात्याकडं तोंड करून उभ्या राह्यल्या."

तेवढ्यात मावशी आल्या. नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "ताट सरळ हाय, चांगलं हाय," आणि आम्हाला बसायला चटई टाकून स्वतः लांब उंबऱ्यापाशी टेकल्या.

आईनं भावजयीकडून कुंकवाचा करंडा मागून घेतला. माझी आई सणवार, रीतभात काटेकोर पाळणारी. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळेना. ती उठली, उंबऱ्यापाशी गेली आणि करंडा मावशींपुढं धरला.

"सगुणाबाई, पोरीला कुंकू लावा."

"म्या?" मावशी मागं सरकल्या. "न्हाई वो. वहिनीला सांगा. म्या नसते लावत."

"तिला शिकवलंत तुम्ही. तुम्हीच लावा."

मावशी उठल्या. रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले. मग परत धुतले. बोटाच्या टोकावर जेमतेम कुंकू घेऊन त्यांनी माझ्या कपाळाला लावलं.

"च्या उतू जाईल," असं म्हणून त्या घाईनं आत गेल्या.

मी उठू लागले. आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं. आतली चूल पेटलेलीसुद्धा नव्हती. भावजयीसकट आम्ही चौघं बाहेर चटईवर बसून राहिलो, त्यांना हवा तेवढा वेळ.