तीस हजार एकतीसचा तपास

‘सांगलीत चोर फार थोडे, कारण मी इथे राहतो,’ असं माझे वडील अप्पा, म्हणजे निवृत्त गणितशिक्षक गंगाधरपंत, चहाआधी सांगत आणि चहानंतर पुरावा देत. साताऱ्याच्या शाळेत असताना त्यांनी हेडमास्तरांची हरवलेली छत्री हेडमास्तरांच्याच काखेतून शोधून काढली होती. एवढ्या भांडवलावर ते स्वतःला गुप्तहेर म्हणवत. मी मदतनीस, म्हणजे चहा करणारी.

१९४१ सालच्या एका मंगळवारी, म्हणजे आमच्या शेवटच्या साध्या दिवशी, दारावर डांबरानं लिहिलेला आकडा सापडला: ३००३१.

अप्पांनी भिंग काढलं. आकडा वीतभर उंच होता, पण नुसत्या डोळ्यांनी पाहणं त्यांना अशास्त्रीय वाटे. संख्या विषम, सबब गुन्हेगार एकटा आला. अंकांची बेरीज सात, सबब टोळी सातजणांची. या दोहोंचा मेळ मी विचारला, तेव्हा उरलेले सहा कोपऱ्यावर उभे होते असं कळलं.

मग त्यांनी दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेरा यांनी भागून पाहिलं. दर वेळी बाकी एक.

‘सहा साक्षीदारांची एकच जबानी,’ अप्पा म्हणाले. ‘सातव्याला कशाला बोलवायचं? मूळसंख्या आहे ही. एक आणि ती स्वतः, तिसरं कुणी हिला भागूच शकत नाही.’

भांडी घासायला आलेल्या हरणाबाईनं मान वर केली नाही. ‘आवं, माणसं मोजाय येनार हायती न्हवं, त्यांचा नंबर हाय त्यो. शेजारच्या दारावर बत्तीस हाय, त्याच्या पल्याड तेहतीस.’

अप्पांनी तीन तास तपास केला होता, पण शेजारचं दार त्यांच्या अधिकारक्षेत्राबाहेर होतं. ते डगमगले नाहीत. लिहिणारा सापडला, संख्येचा मोठेपणा कायम होता. दुसऱ्या दिवशी वाचनालयात ते व्याख्यान देणार होते, ‘सांगलीतले अविभाज्य दार’. तीस वर्षं त्यांना हसत आलेले नानासो पहिल्या रांगेत बसणार होते.

दुपारी ते झोपले, तेव्हा मी पाटी घेऊन सतरापासून पुढे भागत गेले. एकोणसाठनं निःशेष भाग गेला. नानासोंची पुढच्या तीस वर्षांच्या हसण्याची सोय होणार होती.

चहाबरोबर पाटी घेऊन गेले, तर अप्पा खुर्चीत स्वतःशीच हसत होते. म्हणाले, ‘शरयू, तुझी आई गेल्यापासून माझंही असंच आहे बघ. एक आणि मी.’

मी पाटी पदरानं पुसली. सकाळी सांगू म्हटलं.

सकाळी अप्पा उठले नाहीत. त्या प्रकरणात त्यांनी कुणावरही संशय घेतला नाही.

महिन्याभरानं माणसं मोजणारा कारकून आला. घरात किती, त्यानं विचारलं. मी एक म्हणाले. तो गेल्यावर दारासमोर उभी राहिले आणि वर्गात उत्तर सांगावं तसं मोठ्यानं म्हणाले,

‘अप्पा, एकोणसाठनं भाग जातो. तुम्ही तेरावर थांबलात. आणि या घरात एक आणि तुम्ही, एवढंच नव्हतं. मी होते.’