नाना ठेकेदार निवडतात

आमच्या शेजारच्या नानांना वास्तुशांतीला बोलावू नये. बोलावलंच तर बाथरूमला कुलूप लावून ठेवावं. बाकीचे पाहुणे हॉलचं पीओपी बघतात, किचनचे कप्पे ओढून बघतात. नाना यजमानांना रामराम घालतात, पाण्याचा तांब्या उचलतात आणि थेट बाथरूममध्ये शिरतात. तिथे कोपऱ्यात पाणी ओततात, उकिडवे बसतात आणि ते कुठे जातंय हे टक लावून पाहतात.

जामनेरला माझ्या मावसबहिणीच्या वास्तुशांतीला मी त्यांना घेऊन गेले, ही माझीच चूक. घरात तीन बाथरूम. नाना तिन्हींत तांब्या घेऊन गेले आणि प्रत्येक वेळी रिकामा तांब्या घेऊन गंभीर चेहऱ्याने बाहेर आले. मावसबहीण हळूच मला म्हणाली, "अगं, काकांचं पोट बिघडलंय का?" मी काही सांगायच्या आत पंगत बसली. सगळ्यांच्या ताटात वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. नानांच्या ताटात मऊ दहीभात. नाना मुकाट्याने जेवले. परतताना बसमध्ये मात्र बोलले, "घर चांगलं शे. पन वरच्या बाथरूममा पानी दारकडे येस."

नाना पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. तीस वर्षं पाण्याच्या मागे चालण्यात गेली. त्यांचं एकच पालुपद, "बठ्ठं बरोबर शे, पन पानी कथा जास?" म्हणजे सगळं ठीक आहे हो, पण पाणी कुठे जातं ते सांगा. एकदा आमच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाचं नियोजन मी त्यांना कौतुकाने सांगितलं, तर त्यावरही हाच प्रश्न. मी गणिताची मास्तरीण, मला वैताग लवकर येतो.

पण त्या तांब्यामागे कारण होतं. गेल्या वर्षी अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, घरच्याच बाथरूममध्ये घसरून पडल्या. दाराशी वीतभर उंच उंबरा आणि आत कायम साचलेलं पाणी. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन धुळ्याला झालं आणि त्या तिथेच लेकीकडे राहिल्या. लेक सुरेखा बापावर गेलेली. तिने बजावलं, "नाना, उंबरा काढा, पाण्याला उतार द्या. बाथरूम झाल्याशिवाय आई जळगावला येणार नाही."

काम आठ दिवसांचं. आठ महिने झाले तरी नानांचा ठेकेदार ठरेना.

पहिला आला तो मोबाईलवर फोटो दाखवत सुटला. नानांनी चष्मा पुसून सगळे फोटो पाहिले आणि विचारलं, "यात ओलं कोणतंच नाही?" दुसऱ्याने आपल्या तीन जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते दिले. नाना त्या तिघांकडे गेलेच नाहीत. "तो त्याच्या सासऱ्याचंच नाव देणार," म्हणाले आणि त्या तिघांच्या शेजाऱ्यांकडे गेले. माझ्याच स्कूटीवर, मागे तांब्या धरून. आणि काय सांगू, पहिलं घर खरोखर त्याच्या सासऱ्याचं निघालं! त्या दिवशी नानांनी मला लस्सी पाजली.

तिसऱ्याचं काम बोदवडला चालू होतं. नाना भर दुपारी तिथे मजुरांच्या घोळक्यात भाकरीचं फडकं सोडून बसले. "ठेकेदार किती वाजता येतो रे?" मजुरांनी एकमेकांकडे पाहिलं. "कोन ठेकेदार?" झालं, तोही बाद. "टेन्शन घेऊ नका" म्हणणारा तर जागीच बाद व्हायचा. "मीच घेतलं नाही तर घेईल कोण?" असं म्हणून नाना त्याला फाटकापर्यंत पोचवून यायचे.

गल्लीत चेष्टा सुरू झाली. "नाना लेकीचं स्थळ बघताना इतके हिंडले नव्हते." मीही हसायचे. पण धुळ्याहून अक्कांचा फोन यायचा आणि नानांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू यायचा, "बघतोय, बघतोय. आठवड्याभरात ठरतं." मग फोन ठेवून ते कितीतरी वेळ अंगणात नुसते उभे राहायचे.

शेवटी मी आमच्या शाळेच्या फरशा बसवणाऱ्या रशीदमिस्त्रींना बोलावलं. सावद्याचा माणूस, मोजकं बोलणारा. नानांनी तांब्या आणला, पाणी ओतलं, उकिडवे बसले. मिस्त्रीही शेजारी उकिडवे बसले. दोघांनी बराच वेळ पाणी पाहिलं. मग मिस्त्री म्हणाले, "नाना, पानी मी बघून घेईन. तुम्ही एक सांगा, अक्का उठतात तवा आधार कोनत्या हाताने घेतात? दांडा त्या बाजूला लावावा लागेल."

नाना म्हणाले, "उजव्या... नाही, थांबा." स्वतः खाली बसले, अक्कांसारखे कण्हत उठून पाहिलं. पुन्हा बसले. डावा हात टेकला, उजवा टेकला. मला हसू आवरेना. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि माझं हसू गेलं.

"एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला," ते म्हणाले. "कालव्याचं कोणतं गेट कुठल्या बाजूला अडतं ते आजही सांगतो. हे नाही सांगता येत."

"मंग बघून या," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "घाई नाही."

मी म्हटलं, फोन करा की. "फोनवर ती म्हणेल आधार लागतच नाही," नाना म्हणाले. रविवारी आम्ही धुळ्याची बस धरली.

अक्का सोफ्यावर बसल्या होत्या. नाना समोर खुर्ची ओढून बसले. चहा नाही, तब्येतीची चौकशी नाही. "ऊठ पाहू."

"का?"

"ऊठ तर."

अक्का उठल्या. डावा हात सोफ्याच्या दांडीवर. "बस. परत ऊठ." पुन्हा डावा. तिसऱ्यांदा "बस" म्हटल्यावर अक्कांचा पारा चढला. "कवायत घेता का म्हातारीची? आठ महिने लेकीच्या दारात बसले. न्यायचं नसेल तर सरळ सांगा ना! माले घर जानं शे." आणि त्या रडायला लागल्या. सुरेखा स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी राहिली.

नाना खाली पाहत म्हणाले, "भीती वाटते गं. बाथरूम बांधणारा मागचा ठेकेदारही मीच निवडला होता. गोड बोलत होता, मी काही तपासलं नाही. कालवे तपासत हिंडलो अन् घरचं पाणी पाहिलं नाही. तू पडलीस ती माझ्यामुळे."

"दूध उतू चाललं होतं म्हणून धावत निघाले अन् पडले," अक्का म्हणाल्या. "हे मनात धरून बसलात होय? अन् मला वाटत होतं, म्हातारी जड झाली."

नानांनी अक्कांचा तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि आम्ही निघेपर्यंत सोडला नाही.

मिस्त्रींनी अकरा दिवस घेतले. उंबरा गेला, दांडा डाव्या बाजूला लागला, अक्का घरी आल्या. आता त्या आंघोळीला गेल्या की नाना बाहेर स्टूल टाकून बसतात आणि पेपर मोठ्याने वाचतात. प्रत्येक बातमीला अक्कांनी आतून "हं" म्हणायचं, असा नियम आहे. आतली कडी तर नानांनी काढूनच टाकलीय.

परवा "हं" आला नाही. नानांनी तीच बातमी पुन्हा वाचली. तरी नाही. मग पेपर पडल्याचा आवाज आणि नानांची अशी हाक, की मी पोळी तव्यावर टाकून धावले. जाऊन पाहते तर अक्का टॉवेल गुंडाळून दारात हसतायत. "पाहत होते, किती वेळ दम निघतो यांना."

नाना भिंतीला धरून उभे होते. चेहरा पांढराफटक. अक्कांचं हसू हळूहळू मावळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून पेपर सुरू झाला. नानांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच अक्का म्हणत होत्या, "हं. आहे मी. हं."