टिकिटावरचं माहेर

आमचे शेजारी वामनराव यांना माणसं मोजायची इतकी सवय, की एकदा त्यांनी मयतीहून परतताना मोजली. आमच्या समुद्रपुरातला एक म्हातारा गेला होता. सगळं आटोपून आम्ही नाल्याकाठच्या वाटेला लागलो, तर वामनराव मध्येच थांबले, छत्री उंच धरली आणि बोटानं एकेकाला मोजायला लागले. मोजून झालं आणि चेहरा उतरला.

"थांबा! जातानीपेक्षा एक जन कमी हाय!"

कोणीतरी मागून हळूच म्हणालं, "वामनराव, त्यालेच तं पोचवून आलो ना आपन."

मेलेल्याच्या मुलालासुद्धा तोंडावर उपरणं धरावं लागलं. मी मात्र हसलो नाही. ह्या माणसाच्या शेजारी राहायचं म्हणजे काय असतं, ते मलाच ठाऊक.

हे खूळ विलायतेहून आलेलं. त्याआधी वामनराव चांगले धड होते. हिंगणघाटच्या एका जिनिंगात कापूस पारखायचे. त्या जिनिंगचे शेठजी नवी यंत्रं पाहायला विलायतेला निघाले, तेव्हा सोबत ओळखीचं माणूस हवं म्हणून वामनरावांना घेऊन गेले. काम संपल्यावर शेठजींनी हौसेनं एका टूरची तिकिटं काढली. मोटरीत बसायचं आणि पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम असा सगळा युरोप पाहून यायचा. पण शेठजींचं पोट पहिल्याच मुक्कामी बिघडलं. बिचारे गावोगावच्या हॉटेलात पांघरूण घेऊन पडून राहिले. टूर झाली ती वामनरावांची, तीही पावावर घरची चटणी लावून.

परत आले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या ओसरीवर जमलो. विचारलं, "बर्फाचे डोंगर पाह्यले का?"

"पाह्यले. पन त्या बाईनं ते दाखवले कसे, ते आयका!"

ती बाई म्हणजे त्यांची गाईड. ठेंगणी, करड्या केसांची. तिनं छत्री वर केली की मोटरभर साहेबलोक मुकाट तिच्या मागं. ती उजवीकडे म्हणाली की सगळ्यांच्या माना उजवीकडे. मोटर सुटायच्या आधी मुंडकी मोजणार, एक कमी भरलं तर हलायचं नाव नाही. "मास्तर," वामनराव मला म्हणाले, "येवढे देवळं, येवढे राजवाडे, पन त्या बाईच्या तोडीचं त्या मुलखात काई नाई."

झालं! तेव्हापासून माणसाची गाईड झाली. बाजाराच्या दिवशी मी वांगी घ्यायला निघालो की हे पुढं. छत्रीच्या टोकाला तांबडा रुमाल बांधलेला. "आता उजव्या हाताले पाह्यजो, हे तेल्याचं दुकान. डाव्या हाताले चक्की. आता फ्री टाइम, अर्धा घंटा. मंग सगळ्यायनं ह्या निंबाखाली जमायचं." सगळ्यांनी म्हणजे मी एकट्यानं! आणि मी जमायचो, हे लिहिताना मला माझाच राग येतो.

सगळं गाव त्यांच्या मागं एकदा तरी चाललं. चाललं नाही ते एकच माणूस, त्यांची बायको. अनसूयावहिनी. अंगानं काडी आणि जिभेनं कोयता. वामनरावांनी छत्री उचलली की त्या सुपातली ज्वारी पाखडत म्हणायच्या, "जलमभर तुमच्या मांगंच चालली. आता छत्री पाहून अजून काय चालू?" ह्यावर त्या ठेंगण्या बाईनंही काही शिकवलेलं नव्हतं.

आता वहिनींच्या माहेरची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. वहिनींचं माहेर गिरडचं. टेकडीवर दर्गा आणि टेकडीच्या पायथ्याशी भावाचं घर. भाऊ शामराव, वहिनींहून थोरला, वहिनींहून हट्टी. त्याच्या पोराचं लग्न ठरलं. आत्याचा मान मोठा, तिला न्यायला भावानं जातीनं यायचं असतं. शामराव आले नाहीत. त्यांनी न्हाव्याच्या हाती अक्षत पाठवली. वहिनींनी न्हाव्याला चहा पाजला, गूळ-शेंगदाणे दिले आणि अक्षत परत धाडली. लग्न आत्याशिवाय लागलं. तिकडं शामराव म्हणाले, "एकदा बोलावलं, आली नाई. आता मी बोलावनार नाई." इकडं वहिनी म्हणाल्या, "भावानं बोलावल्याबिगर मी त्या घराची पायरी चढनार नाई." दोघांनीही दर्ग्याच्या दिशेनं हात जोडून शपथ घेतली. त्याला दहा-बारा वर्षं होऊन गेली. मध्ये कितीक जण समजूत घालायला गेले आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन आले. त्यात मीही एक. दोन्ही गावांत माझी अक्कल काढली गेली.

एका दुपारी गिरडकडची कासारीण बांगड्या भरायला आली. वहिनींच्या हाताला तेल लावता लावता म्हणाली, "तुमचे भाऊ खाटेवरून उठत नाई म्हनतात आता. जेवनबी सुटलं." बांगड्या भरून झाल्या, कासारीण गेली, तरी त्या तशाच हात पुढं करून बसलेल्या. वामनराव आतून पाहत होते. त्यांनीच मला सांगितलं.

"मास्तर, तिले नेलंच पाह्यजे."

"शपथ आहे ना?"

"तिची शपथ मोडू द्यायची नाई. त्याचीबी नाई. तरी नेतो."

दोन दिवस ते कोणाला दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तर कुंपणावरून छत्री वर आली.

"मास्तर, गवसलं! तिकडं आमाले त्या बाईनं एका सरदाराच्या घरी नेलतं. सरदार जित्ता! मांगच्या खोलीत बसून चहा पिऊन राह्यला, अन् आमी त्याच्या आजीचा पाळना पाहून राह्यलो! कोनी म्हनलं नाई, तुमाले बोलावलं कोनी म्हून. काऊन? तं टिकीट होतं आमच्यापाशी. पाहुन्याले बोलावनं लागते, मास्तर. टूरवाल्याले काहाले लागते?"

माझ्या तोंडात राखुंडी होती, म्हणून मी वाद घातला नाही.

लगेच पुठ्ठे कापून तिकिटं तयार झाली. 'गिरड दर्शन. टेकडी, दर्गा व एक जुने घर.' पहिलं तिकीट माझ्या गळ्यात, दुसरं माझ्या बायकोच्या, बाकीची आळीतल्या बायांच्या. राहिलं एक. ते घेऊन वामनराव चुलीपाशी गेले. मी आणि माझी बायको ओसरीवर श्वास रोखून बसलो.

"जुनं घर म्हंजे कोनतं?" वहिनींचा आवाज.

"हाय एक गिरडात."

"मी भावाच्या घरी जानार नाई. सांगून ठेवते."

"भावाच्या घरी कोन चाललं वं? टूर चालली. तुले पाह्यचं नसन तं बाहीर उभी राह्य. फ्री टाइम घे."

मग कितीतरी वेळ आतून नुसता फुंकणीचा आवाज येत राहिला. आम्हाला वाटलं, संपलं. तेवढ्यात डबा उघडल्याचा खडखडाट झाला आणि वहिनी म्हणाल्या, "हे घ्या दोन आने. फुकट पाहुने जातात. मी पाहुनी नाई."

वामनराव बाहेर आले. मूठ घट्ट मिटलेली आणि डोळे लाल. "धूर हाय आत," म्हणाले.

रविवारी आम्ही गिरडच्या मोटरीत बसलो. वामनराव बसले नाहीत. ती बाई मोटरीत पुढं उभी राहून, रस्त्याकडे पाठ करून बोलायची, म्हणून हेही ड्रायव्हरकडे पाठ करून उभे. तिच्या मुलखात रस्ते गुळगुळीत असतील, आमच्याकडं खड्डे. प्रत्येक वाक्याला ते कोणाच्या तरी मांडीवर. "लेडीज हो, जंटलमेन हो, डाव्या हाताले कपाशीची पऱ्हाटी—" धप्प! शेवटी कंडक्टर तडकला, "बुवा, मोटर तुमची हाय का माही?" पण बाजाराला निघालेले लोक म्हणाले, "बोलू दे गा, ह्या रस्त्यात पाह्यन्यासारखं काई हाय, हे आमाले आजच समजून राह्यलं."

टेकडीवर आम्ही दर्ग्यात डोकं टेकवलं. तिथं गोल गोल दगड पडलेले असतात. दर्ग्यातल्या बाबांनी बंजाऱ्याच्या मालाचे दगड केले, अशी कथा आहे. वामनराव ती रंगवून सांगत होते, तोच वहिनी पहिल्यांदा बोलल्या, "मले काय सांगता? ह्या गोट्यायनं खेळली मी." एक गोटा उचलून त्यांनी हातात फिरवला आणि जिथला तिथं ठेवला. त्यांची नजर खाली, पायथ्याच्या कौलांवर होती.

उतरून आम्ही घरापाशी आलो. वहिनी सगळ्यांच्या मागं, पदर पुढं ओढून. ओसरीवर खाट आणि खाटेवर शामराव. पाटील म्हणावा असा गडी, आता नुसता सांगाडा राहिलेला.

"कोन हाय?"

"टूर हाय," वामनराव म्हणाले. "जुनं घर पाह्यले आली. टिकीट काढून."

शामरावांनी आम्हाला एकेकाला पाहिलं. पदराआडच्या बाईवर नजर थांबली, आणि त्यांनी ती कौलांकडे वळवली. "पाहा. पाह्यची बंदी नाई. पन मी कोनाले बोलावलं नाई."

"आमाले बोलावनं लागत नाई," पदराआडून आवाज आला. "टिकीट हाय आमच्यापाशी."

माझ्या बायकोनं माझा दंड इतका घट्ट धरला, की तिथं चार दिवस वळ होते.

वामनरावांनी छत्री वर केली. "इकडं ध्यान द्या. हा खांब सागाचा. ह्याच्यावर हा जो चरा दिसून राह्यला, तो बैल बांधून बांधून पडला."

"काईच्या काई सांगू नका!" वहिनी तटकन पुढं आल्या. "बैल ओसरीवर बांधत असतात काय? तो झोक्याच्या दोराचा चरा हाय. माह्या झोक्याच्या. भाऊनं बांधला होता."

वामनराव टूरमध्ये कधी चुकत नसत. तेव्हा ते मुद्दाम चुकले की काय, हे मी त्यांना पुढं अनेकदा विचारलं. त्यांनी दर वेळी विषय बदलला.

खाटेवर खोकल्याची उबळ आली. वहिनी दोन पावलं पुढं गेल्या आणि पायरीपाशीच थांबल्या. मग नवऱ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "घरमालकाले इचारा, औषध कोनाचं चालू हाय?"

"मालक, बाई इचारते, औषध कोनाचं?"

"सांगा त्या बाईले, वैद्याचं. गुन नाई."

"म्हना, औषधानं गुन येत नाई. जेवल्यानं येते."

"सांगा, भूक लागत नाई."

"इचारा, लागन कशी? येवढा राग पोटात भरून ठेवल्यावर?"

युरोपात त्या बाईनं चार भाषांत भाषांतर केलं असेल. वामनराव मराठीचं मराठीत करत होते, एक शब्द न गाळता, घामाघूम होऊन. शामरावांची बायको दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. आणि परतीच्या मोटरीचा भोंगा वाजला.

वामनराव म्हणाले, "टूरचा टाइम झाला."

शामराव कौलांकडे पाहत म्हणाले, "त्या बाईले इचारा, टूरवालीची ओटी भरतात का?"

"म्हना, टूरवालीची नाई भरत," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पदर मागं सारला. "बहिनीची भरतात."

शामरावांनी गाईडकडे पाहिलं नाही. "अनसे," ते म्हणाले, "तवा न्हाव्याले धाडलं ना, माह्या पायाले गळू झालतं वं. पाऊल टेकवत नोतं. लग्नघरी कोनाले सांगू?"

"मंग तसं सांगून धाडावं ना! मी लंगडत आली असती तुह्या पायानं!"

"ये ना आता. आत ये, अनसे."

वहिनी पायरी चढल्या. आम्ही सगळे बाहेर नाकं ओढत उभे. वामनरावांनी खांद्यावरची झोळी उघडली आणि त्यातून एक गाठोडं काढून शामरावांच्या बायकोच्या हाती दिलं. वहिनींची दोन लुगडी, चोळ्या, संधिवाताचं तेल. घरून निघतानाच बांधून आणलेलं. आणि मोटरीकडे चालायला लागले.

परतीच्या वाटेनं ते सीटवर बसून होते. मी विचारलं, "वहिनींना न्यायला कधी येणार?"

"मी काहाले येऊ? माहेराहून बहिनीले भाऊ पोचवून देते. रिवाज हाय."

"अहो, भाऊ खाटेवर आहे."

"म्हून तं उठन ना तो!" ते ताडकन म्हणाले. मग खिडकीकडे तोंड फिरवून हळू म्हणाले, "तवर भाकर शिकतो मी."

खरंच शिकायला बसले. सकाळी त्यांच्या चुलीचा धूर आमच्या घरात आणि करपलेल्या पिठाचा वास सगळ्या आळीत. माझी बायको भाजी-भाकर पाठवायची, तर परत. "सवय लागन," म्हणत. एवढी छत्री मिरवणारा माणूस, पण महिनाभर कोणाला काही दाखवलं नाही. संध्याकाळी गिरडची मोटर यायच्या वेळी अड्ड्यावर जाऊन उभे राहत. भेटलो की म्हणत, "फिरायले आलो."

पोळा झाला, महालक्ष्म्या झाल्या. एका संध्याकाळी मीही अड्ड्यावर होतो. मोटर थांबली. आधी एक काठी खाली आली, मग शामराव. वाळलेले, पण स्वतःच्या पायांवर. त्यांनी वळून हात दिला आणि वहिनी उतरल्या. शामरावांनी चारचौघांत दोन्ही हात जोडले. "पावनं, तुमची अमानत पोचवून राह्यलो."

वामनरावांजवळ प्रत्येक ठिकाणचं भाषण तयार असायचं. मी छत्री वर जायची वाट पाहिली. ती काखेतच राहिली. जन्मात कोणी त्यांच्या तोंडून बायकोचं नाव ऐकलं नव्हतं, आमच्याकडं चारचौघांत तसं घेत नाहीत. त्या भरल्या अड्ड्यावर ते मोठ्यानं म्हणाले,

"अनसूया, माह्या हातची भाकर कच्चीच राह्यते वं."