शून्य धुराचं अनुदान

या, अशा पुढे सरकून बसा. ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाही आणि पोटात ठेवण्यासारखी तर मुळीच नाही. हसायला परवानगी आहे!

औषधांच्या गोदामातून दवाखान्यांना माल पाठवायचं काम माझ्याकडे. सरकारने जाहीर केलं, औषधं पोचवताना धूर कमी कराल तर विजेच्या गाड्यांची निम्मी किंमत आम्ही देऊ. मी मालकांना छातीठोकपणे सांगितलं, "दोन गाड्यांचं अनुदान आलंच म्हणून समजा!" अर्जातही ठोकून दिलं, की डिझेलची गाडी केव्हाच भंगारात काढली. खरं म्हणजे ती मागच्या शेडमध्ये उभी होती आणि किल्ली माझ्या खिशात!

तपासणीच्या सकाळी, दाखवण्यापुरती मागून आणलेली विजेची गाडी घेऊन मी आवारात रंगीत तालीम केली. एकदा नाही, चौदा वेळा! तपासनीस साहेबांना कुठल्या वळणावर नमस्कार करायचा, तेही बसवलं. साहेब आले. मी बटण दाबलं. गाडी रुसलेल्या जावयासारखी ढिम्म! बॅटरी तालमीतच संपली होती.

तेवढ्यात फोन. टेकडीवरच्या दवाखान्यातल्या सिस्टर. "दादा, इन्सुलिन संपलंय. एक मुलगी खोळंबलीय. तासाभरात पोचवा हो!"

आमचे साठीला टेकलेले ड्रायव्हरकाका थंड पेटी घेऊन धावत आले. "साहेब, जुन्या गाडीची किल्ली द्या."

"कसली जुनी गाडी?" मी डोळे मिचकावले.

"अहो, शेडमधली!"

"काका, तुमचं आपलं काहीतरीच! स्वप्नात पाहिली असेल!"

काकांनी पेटी खांद्यावर टाकली आणि झिजक्या चपलांनिशी भर उन्हात चढाला लागले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे रोज असे पायी जातात?" तपासनीस साहेबांनी विचारलं.

एक शब्द खरा बोललो असतो, तर काकांना गाडी मिळाली असती. मी म्हणालो, "रोज! धूर शून्य!"

देवा, तेव्हाच माझी जीभ का नाही रे झडली!

पन्नास मिनिटांनी सिस्टरचा फोन. "पेटी पोचली हो, मुलगी ठीक आहे. पण तुमच्या काकांचे तळवे सोलवटलेत. पट्टी बांधतेय." मी फोन ठेवला, तेव्हा किल्ली अजून माझ्या खिशातच होती.

महिन्याभराने मंजुरीचं पत्र आलं. मालकांनी सगळ्यांसमोर वाचलं, "आपली पायी वितरणाची पद्धत वाखाणण्याजोगी आहे. सबब विजेच्या गाड्यांची आवश्यकता दिसत नाही. बुटांच्या एका जोडाची निम्मी किंमत मंजूर."

सगळे पोट धरून हसले. काकाही हसले, तेच जास्त लागलं. उरलेली निम्मी मी भरली, मान वर न करता.

तेव्हा एवढंच करा. घरात औषधाची बाटली उघडाल, तेव्हा त्या काकांची क्षणभर आठवण काढा. आणि माझा विषय निघालाच, तर कृपा करून तो बदला!