चोवीस खणांचा फोटो

"अज्जा, हे बघा आपलं घर!"

शिवप्रियाने मोबाईल समोर धरला तेव्हा शिवलिंगप्पा बशीत चहा ओतत होते. चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन घरात आलेली ही नातसून एवढ्या कौतुकाने काही दाखवतेय म्हटल्यावर अप्पांनी बशी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि मोबाईलमध्ये डोकावले. आत चौकोनी घरांच्या ओळीच ओळी होत्या. सगळी घरं सारखी.

"आपलं कशावरनं?"

"ही काळी टाकी आपली. आणि गच्चीवर हे तांबडं दिसतंय ना, त्या आज्जींच्या मिरच्या. उपग्रहावरून काढलेला फोटो आहे, अज्जा. सगळ्या जगाचा आहे."

"आभाळातनं मिरच्या दिसतेत?" अप्पांनी दारात जाऊन वर पाहिलं. आभाळ रिकामं होतं. तरी त्यांनी उघड्या अंगावर उपरणं ओढून घेतलं.

पुढचे पंधरा दिवस अप्पांनी जागेवरून न हलता जग पालथं घातलं. तुळजापूरला जाऊन आले, सोलापूरच्या तळ्याला वळसा घातला, शेवटी गंगम्मांच्या माहेरी, आळंदला पोचले. "तुझ्या भावानं गोठ्याचा पत्रा अजून बदलला न्हाय," असं त्यांनी बायकोला सुनावलं, आणि त्या दिवशी भाजीत मीठ पडलं नाही. पण अप्पांना खरी गोडी लागली ती गावातली छपरं तपासण्याची. जमलेला माल ते रोज संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर नेऊन रिकामा करत.

"उत्तरेश्वरा, तुझ्या गच्चीवर फाटका टायर हाय, मोडकी खाट हाय आन एक चप्पल हाय. एकच का रं?"

कट्टा हसला. टायर आणि खाट खरी होती, चप्पल अप्पांनी पदरची घातली होती. उत्तरेश्वर मात्र हसला नाही. समोरच्या ओळीत राहणारा, अप्पांपेक्षा चारच वर्षांनी लहान असलेला हा शेतकरी गडी तंबाखू मळत सावकाश म्हणाला, "अप्पा, आभाळातनं एवढं दिसतंय, तर जुनं गाव बी दिसत असंल की. तुमचं चोवीस खणाचं माळवद दावा आमाला."

अप्पांचं हसू तिथंच विरलं.

त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव गेलं आणि दोन किलोमीटरवर हे नवं गाव वसलं. अप्पांच्या भागात प्रत्येकाला दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे न्हाणी. इंचाचाही फरक नाही. नव्या गावात मोठेपणा दाखवायला जागाच उरली नव्हती, म्हणून ज्याने त्याने तो जुन्या घरात दाखवायला सुरुवात केली. जुनी मातीच्या छताची माळवदं खणांवर मोजत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. अप्पांचं घर पडलं तेव्हा आठ खणांचं होतं. नातू मल्लेश जन्मला तेव्हा ते बारा झालं, तो शाळेत जायला लागला तेव्हा सोळा, आणि त्याच्यासाठी मुलगी बघायला लोहाऱ्याला गेले तेव्हा चोवीस खण आणि अंगणात आड. उत्तरेश्वरचं सहा खणांचं घरही एव्हाना सोळावर गेलं होतं. कुणी कुणाला टोकत नसे. एका पहाटेत सगळ्यांचं एवढं गेलं होतं की उरलेल्या माणसाचे दोन खण कमी करायचा धीर कुणालाच होत नसे. उत्तरेश्वरलाही तीस वर्षं झाला नव्हता. पण चप्पल त्याच्या जिव्हारी लागली होती.

अप्पा घरी आले ते थेट शिवप्रियाकडे. "पोरी, त्यात जुनं गाव दिसतंय का गं?"

"दिसत असणारच की! घरांचे पायेसुद्धा दिसतील." तिचे डोळे चमकले. "थांबा अज्जा, आत्ता नको बघायला. रविवारी बाबा येतायत लोहाऱ्याहून. समाजमंदिरातल्या टीव्हीला मोबाईल जोडते, सगळे मिळून बघू. बाबा तर नेहमी सगळ्यांना सांगतात, पोरगी चोवीस खणवाल्यांच्या घरी दिली म्हणून."

अप्पांना घाम फुटला. व्याही वीरप्पा म्हणजे लोहाऱ्याचा धान्याचा व्यापारी. पोतं नुसतं उचलून वजन सांगणारा माणूस. आणि ही पोर! पहिल्याच दिवसापासून ती अप्पांच्या पायाशी बसून जुन्या घराच्या गोष्टी ऐकत होती. या घरात अप्पांचं सगळं खरं मानणारं तेवढंच एक माणूस होतं.

त्यांनी उपाय करून पाहिले. मोबाईलने डोळे जातात, असं सांगून बघितलं. शुक्रवारी मोबाईल ज्वारीच्या डब्यात दडवला, तर अर्ध्या तासात तो डब्यातून वाजू लागला आणि गंगम्मांनी न बोलता काढून दिला. शेवटी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे फोटो काढतेत कवा गं?"

"काढतच असतात, अज्जा. उपग्रह वरून फिरतच असतो ना."

फिरतच असतो! म्हणजे उद्याही येणार. अप्पांचा चेहरा खुलला.

शनिवारी सकाळी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला लोहाऱ्याला जातो, असं सांगून अप्पा निघाले आणि गावाबाहेर पडताच जुन्या वाटेला लागले. जुन्या गावात आता बाभळी माजल्या होत्या. जमिनीत रुतलेल्या उखळावरून त्यांनी आपली जागा ओळखली. पायाचे दगड अजून जागेवर होते, आठ खणांचे. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, मग तेच उपरणं कमरेला गुंडाळलं आणि आजूबाजूचे सुटे दगड उचलून पाया वाढवायला घेतला. बारा खण झाले. सोळा झाले. आडासाठी गोल दगडही मांडून झाले. सतराव्या खणाला झुडपामागून कुणाच्या तरी कण्हण्याचा आवाज आला.

"कोन हाय तिकडं?"

झुडपातून उत्तरेश्वर बाहेर आला. पोटाशी हा एवढा दगड धरलेला.

"काय करतूस रं?"

"शेळी हुडकतोय."

"दगड घिऊन?"

"आन तुमी? तुमी तर लोहाऱ्याला गोळ्या आनाय गेलाव म्हनं."

दोघांनी एकमेकांच्या दगडांकडे पाहिलं. मग उत्तरेश्वर हातातला दगड खाली ठेवून त्यावरच बसला. "अप्पा, म्या रागात बोलून गेलो. घरी गेल्यावर ध्यानात आलं, फोटोत माझं बी घर दिसंल."

"आता बोलून काय उपेग? ऊठ. फोटो कवा निघंल त्याचा नेम न्हाय."

दुपारपर्यंत दोन म्हाताऱ्यांनी मिळून खण रचले. अडचणी येत होत्या.

"अप्पा, तुमचा एकोणिसावा खण माझ्या सैपाकघरात आलाय."

"मग सैपाकघर सरकव की जरा."

"कुठं सरकवू? तिकडं मारुतीचं देऊळ हुतं. देवाच्या गाभाऱ्यात चूल मांडू व्हय?"

शेवटी मधली बोळ गिळून टाकून दोन्ही घरांना एकच भिंत करायची, असा तोडगा निघाला. काम संपलं तेव्हा दोघांच्या कमरा मोडल्या होत्या. फोटोत आपण येऊ नये म्हणून ते बाभळीखाली जाऊन बसले आणि उपग्रह निघून जाण्याची वाट बघत दिवस मावळेपर्यंत तिथंच राहिले.

रविवारी समाजमंदिर भरलं. पुढच्या खुर्चीवर वीरप्पा, बाजूला ताठ बसलेले अप्पा. ताठ, कारण वाकताच येत नव्हतं. मागे बायकांत गंगम्मा. शिवप्रियाने मोबाईल जोडला, पडद्यावर जुनं गाव आलं. घरांच्या पायांच्या रेघा, त्यांतून गेलेल्या बोळी, मध्ये बाभळी. कुणीतरी नाक ओढलं.

अप्पांनी आपलं घर लगेच ओळखलं. आठ खण. आड नाही, वाढीव भिंत नाही, कालच्या दगडांतला एक दगड नाही.

"कालचं... म्हंजे, हा फोटो कवाचा गं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"चार वर्षांपूर्वीचा आहे, अज्जा. आपल्या भागातला नवा अजून आलेला नाही."

अप्पांची कंबर एकदम दुप्पट दुखू लागली.

वीरप्पा पुढे झुकले. "अप्पा, तुमचं घर कुठलं ह्यात?"

अप्पा उपरण्याने चष्मा पुसू लागले. शिवप्रिया त्यांच्याकडे बघत होती, बोट पडद्यापाशी तयार ठेवून. एवढ्यात मागून कण्हत उत्तरेश्वर उठला. कमरेवर हात ठेवून तो पडद्यापर्यंत गेला आणि सगळ्यांत मोठ्या बाभळीवर त्याने बोट ठेवलं.

"हे काय! ह्या बाभळीच्या बुडापास्नं सुरू हुतंय. झाडाखाली गेलंय सगळं. म्या शेजारी हुतो, मला ठावं हाय. चोवीस खण."

अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तत्काळ म्हणाले, "आन पलीकडच्या फांदीखाली उत्तरेश्वरचं. सोळा."

मग बांध फुटला. कट्ट्यावरचा एकेक म्हातारा उठून पुढे आला आणि ज्याचं त्याचं घर नेमकं त्याच बाभळीखाली निघालं. त्या एका झाडाच्या सावलीत त्या दिवशी गावाचे एकशे बेचाळीस खण मावले.

वीरप्पांनी झाडाकडे पाहिलं, मग म्हाताऱ्यांकडे पाहिलं. पोतं उचलून बघताना करत तसे त्यांनी डोळे बारीक केले. "झाड बाकी दांडगं आहे," एवढंच ते म्हणाले आणि चहा मागितला.

पुढे चारेक महिन्यांनी अप्पा ओसरीवर बसले असताना शिवप्रिया मोबाईल घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"अज्जा, जुन्या गावाचा नवा फोटो आलाय."

अप्पांनी डोळे ताणून पाहिलं. आलं होतं की! सगळे चोवीस खण, उत्तरेश्वरच्या घराला चिकटून, आडासकट. दगडांच्या रेघा उन्हात कशा ठळक उठल्या होत्या.

"बग," अप्पा खाकरले. "म्या म्हनत नव्हतो? मोज."

शिवप्रियाने मोजले. दोनदा मोजले. मग चौफेर बोट फिरवलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "चोवीसच आहेत. पण अज्जा, ह्याला दार कुठंय? चहूबाजूंनी दगडच आहेत. आत शिरत कसे होता तुम्ही?"

अप्पांनी मोबाईल हातात घेतला. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. दोघा म्हाताऱ्यांनी दिवसभर राबून भिंती घातल्या होत्या आणि दार ठेवायचं दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी नातसुनेकडे चोरून बघितलं. ती ओठ दाबून बसली होती, पण डोळ्यांतलं हसू काही दबत नव्हतं. पोरीला सगळं कळलं होतं. बहुतेक त्या रविवारीच कळलं होतं. आणि तरीही ती रोज संध्याकाळी पायाशी येऊन गोष्टी ऐकत होती.

अप्पांनी मोबाईल तिच्या हातात दिला. फार दिवसांनी त्यांना हलकं वाटलं.

"आठ खणाचं हुतं, पोरी," ते हळूच म्हणाले. "आठच."

शिवप्रियाने मान हलवली. मग अप्पांनी घसा साफ केला, मांडी बदलली आणि समोर बघत म्हणाले, "पर दार काय हुतं म्हनतीस! अंबारीसकट हत्ती शिरंल, असलं उंच."

"व्हय तर!" आतून गंगम्मांचा आवाज आला. "लगीन होऊन आले तवा त्याच दाराला कपाळ फुटलं माझं!"